हिरोइनने वागायचं तरी कसं? डिस्टोपियन सिनेमातल्या उलटसुलट मागण्यांचा हिशेब कसा मांडावा

डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीचं भयाण जग कल्पणाऱ्या, सिनेमातल्या नायिकेवर लिहायला घेतलं की बहुतेक लेख एकाच जागी अडखळतात. ती ‘स्ट्राँग’ आहे की नाही याचा निवाडा करायला बसतात. हा निवाडा हवा तसा करता येतो. धनुष्य चालवते म्हणून कणखर म्हणा, शेवटी संसाराला लागते म्हणून लेचीपेची म्हणा, दोन्ही बाजूंनी चार परिच्छेद सहज निघतात आणि सिनेमाबद्दल नवीन काहीच कळत नाही.

त्यापेक्षा तिच्याकडून काय काय मागितलं जातं, ते कोण मागतं आणि एक मागणी पुरवली की दुसरी मोडते का, हे बघितलं तर हाताला काहीतरी लागतं. कॉलेजातला प्रोजेक्ट असो, फिल्म क्लबमधली चर्चा असो की समीक्षा, ही पद्धत सगळीकडे चालते. खाली मुख्य उदाहरण ‘द हंगर गेम्स’चं घेतलं आहे (२०१२, दिग्दर्शक गॅरी रॉस). या प्रकारच्या ओढाताणीचा इतका भरगच्च नमुना दुसरा मिळणं कठीण. जोडीला ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५, जॉर्ज मिलर) आणि या सगळ्याची आजी म्हणावी अशी ‘मेट्रोपोलिस’ (१९२७, फ्रिट्झ लांग).

आधी प्रत तपासा

हे कंटाळवाणं काम वगळलं की पुढे घोळ होतो. ‘द हंगर गेम्स’ची लांबी १४२ मिनिटं. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे तोच सिनेमा सुमारे १३६ मिनिटांत संपतो. एकाने डीव्हीडीवरून आणि दुसऱ्याने स्ट्रीमिंगवरून वेळा टिपल्या असतील तर शेवटाकडे सहा मिनिटांचा फरक पडतो. गटाने काम करत असाल तर सगळ्यांनी एकच प्रत घ्या, किंवा वेळेऐवजी प्रसंगाचं नाव लिहा.

‘मेट्रोपोलिस’च्या बाबतीत तर प्रत चुकली की विश्लेषणच चुकतं. १९८४ची संगीतकार जॉर्जिओ मोरोडरची रंगवलेली आवृत्ती दीड तासाच्या आतली आहे. २००८मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये हरवलेले भाग सापडले आणि त्यावरून २०१०मध्ये तयार झालेली आवृत्ती सुमारे अडीच तासांची. नावात ‘मेट्रोपोलिस’ दोन्हींच्या असतं, तेव्हा लांबी बघा. अडीच तासांचीच घ्या.

भाषेबद्दलही ठरवून टाका. हिंदी डबिंगमध्ये बघत असाल तर संवादांवर निष्कर्ष काढू नका. डबिंगमध्ये आवाजाचा पोत बदलतो, आणि ‘गोड बोल’ या मागणीचा अर्धा पुरावा आवाजातच असतो. मूळ आवाज आणि सबटायटल्स हीच जोडी बरी.

तीनदा पाहा, तीन वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा पाहताना वही मिटलेली असू द्या. सिनेमा जिथे आपल्याला ओढून नेतो तिथे जाऊ द्या, कारण आपण तिच्या बाजूने कधी झालो आणि कधी तिच्यावर चिडलो हेही पुढे पुरावा म्हणून लागणार आहे. संपल्यावर लगेच पाच ओळी लिहा : ती कुठे आवडली, कुठे खटकली. नंतर लिहायला गेलात तर वाचलेल्या समीक्षा त्यात मिसळतात.

दुसऱ्यांदा वही उघडी आणि बोट पॉजवर. अडीच तासांच्या सिनेमाला यात चार ते पाच तास जातात, तेव्हा दोन बैठका धरून चला. तिसऱ्यांदा सगळा सिनेमा बघायची गरज नाही. दुसऱ्या फेरीत निवडलेले तीन-चार मिनिटांचे पाच प्रसंग घ्या. प्रत्येक एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते, चौकोनी कंसाच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो, ‘एम’ने आवाज बंद. मागे जायला शिफ्ट आणि डावा बाण, तीन सेकंदांची उडी. स्ट्रीमिंगवर स्क्रीनशॉट बहुतेक वेळा काळे येतात, त्यामुळे चौकटीचं ओबडधोबड रेखाटन वहीतच करा. चित्रकला यावी लागत नाही. चेहरा कुठे, मागे कोण, कॅमेऱ्याची उंची किती, एवढं पुरे.

वहीचे रकाने

सहा रकाने आखा : प्रसंग, मागणी, मागणारा, नकाराची किंमत, कॅमेरा, आवाज.

मागणी लिहिताना एक नियम पाळा. ती आज्ञार्थी क्रियापदात लिहा. ‘गोड दिस.’ ‘मार.’ ‘मारलंस तरी रड.’ ‘धाकटीला सांभाळ.’ ‘प्रेमात पड.’ ‘चिडू नकोस.’ विशेषणं टाळा. ‘कणखर’, ‘हळवी’, ‘बंडखोर’ असं लिहिलं की मागणारा गायब होतो आणि गुण नायिकेच्या रक्तातच असल्यासारखा वाटू लागतो. आज्ञार्थात लिहिलं की कोण बोलतंय, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

मागणाऱ्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक चुकतात तेही इथेच. मागणारे चार प्रकारचे असतात. पहिला, गोष्टीतली सत्ता : ‘द हंगर गेम्स’मधली राजधानी कॅपिटॉल आणि तिथला अध्यक्ष प्रेसिडेंट स्नो, ‘फ्युरी रोड’मधला हुकूमशहा इमॉर्टन जो. दुसरा, तिचीच माणसं : घरचे, गुरू, मित्र, बंडखोर. तिसरा, स्वतः सिनेमा : कॅमेरा, कपडे, संगीत, पोस्टर. चौथा, थिएटरमधला प्रेक्षक आणि समीक्षक. पहिल्या मागणीवर सिनेमा उघड टीका करतो. तिसरी तो स्वतःच करत असतो, अनेकदा त्याच प्रसंगात. या दोन नोंदी एकाच ओळीत कोंबल्या तर ‘सिनेमा पितृसत्तेवर टीका करतो’ आणि ‘सिनेमा पितृसत्ताक आहे’ ही दोन्ही वाक्यं खरी वाटतात आणि लेखाचं घोडं तिथेच अडतं.

नकाराच्या किमतीत मोघम काही लिहू नका. ‘द हंगर गेम्स’मधल्या पॅनेम या देशाच्या बारा डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांना मारायच्या खेळासाठी निवडली जाते, २४पैकी एकानेच जिवंत परतायचं. रिंगणात औषध, अन्न हवं असेल तर ते प्रायोजकांच्या पैशातून येतं आणि प्रायोजक मिळतात ते लोकांना तुम्ही आवडलात तरच. म्हणजे नायिका कॅटनिस एव्हरडीनसाठी (जेनिफर लॉरेन्स) न आवडण्याची किंमत आहे जखमेला मलम नसणं. स्त्रीने ‘लाघवी’ असावं ही अपेक्षा इथे थेट जगण्यामरण्याशी बांधलेली आहे, आणि मूळ कादंबरीकार सुझॅन कॉलिन्सच्या कल्पनेतला सगळ्यात धारदार भाग तोच. किंमत नेमकी लिहिली की तो दिसतो.

एक जोडी जवळून : बाण आणि गिरकी

नुसत्या मागण्यांची यादी कामाची नाही, जोड्या लावाव्या लागतात. एक पुरवली की दुसरी मोडते अशा. ‘द हंगर गेम्स’च्या पहिल्या तासाभरात अशी एक जोडी जवळजवळ प्रयोगशाळेत बनवल्यासारखी आहे.

खेळाआधीच्या खासगी चाचणीत कॅटनिस परीक्षकांसमोर धनुष्य उचलते. पहिला बाण चुकतो, वर बसलेले हसतात. दुसरा बरोबर मध्यभागी लागतो, तेव्हा त्यांचं लक्ष भाजलेल्या डुकराकडे गेलेलं असतं. मग ती तिसरा बाण सोडते तो थेट डुकराच्या तोंडातल्या सफरचंदावर, आणि वाकून, आभार मानून निघून जाते. पुढच्याच प्रसंगात तिच्या डिस्ट्रिक्टच्या स्पर्धकांची ने-आण करणारी एफी ट्रिंकेट (एलिझाबेथ बँक्स) तिला झापते : तुझ्या अशा वागण्याने आमच्या सगळ्यांची शोभा होते. तेवढ्यात तिचा गुरू हेमिच (वुडी हॅरलसन) येतो आणि नेमबाजीची तारीफ करतो. नंतर गुण जाहीर होतात : १२पैकी ११.

वहीत तीन ओळी होतील. ‘रीतीने वाग’, मागणारी एफी. ‘धाक दाखव’, मागणारा हेमिच. आणि ११ गुण देणारे तेच परीक्षक ज्यांचा अपमान झाला. एफीची ओळ खोडू नका. बाईवर पाळत ठेवायचं काम बाईकडेच सोपवलेलं असणं ही या प्रकारातली नेहमीची व्यवस्था आहे, आणि ती लिहिली नाही तर सगळा हिशेब ‘पुरुष विरुद्ध स्त्री’ असा सपाट होतो.

आता दुसरं टोक : सूत्रसंचालक सीझर फ्लिकरमन (स्टॅन्ली टुची) घेतो ती मुलाखत. लाल पोशाखात कॅटनिस मंचावर येते. सीझर प्रश्न विचारतो, तो तिला नीट ऐकूच येत नाही. साउंडट्रॅक दबलेला, कानांत दडे बसावेत तसा. ती ‘काय?’ म्हणते आणि प्रेक्षागृह खदखदून हसतं. आधीच्या मिरवणुकीत रथात तिच्या पोशाखाला लावलेल्या आगीबद्दल बोलताना, आपण जळून मरू नये एवढंच मनात होतं, असं ती सांगते. खरं उत्तर, पण विनोद म्हणून खपतं. मग ती आजही ज्वाळा अंगावर आहेत, बघायच्यात का, असं विचारते आणि गिरकी घेते. झग्याचा घेर पेटतो, टाळ्या पडतात.

हा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा. एक चुणचुणीत मुलगी गर्दीला जिंकते आहे असंच वाटेल. आता पाठ करून ऐका. घाबरलेलं कुणीतरी, हसण्याचा अर्थ न लागणारं. कॅमेऱ्याचा आणि आवाजाचा रकाना वेगळा ठेवायचा तो यासाठी. चित्र बऱ्याच अंशी प्रेक्षागृहाची मागणी पुरवतं, ध्वनी तिच्या कानात बसतो. सिनेमा एकाच वेळी दोन्हीकडे आहे, आणि तुमच्या लेखात तसं लिहायला हरकत नाही, फक्त कुठल्या साधनाने कुणाची बाजू घेतली ते सांगा.

जोडी पुरी होते त्याच रात्री. तिच्याच डिस्ट्रिक्टमधून निवडलेला पीटा (जॉश हचरसन) मंचावर आपलं प्रेम जाहीर करतो, कॅटनिस आत येताच त्याला भिंतीवर आदळते, आणि हेमिच तिलाच समजावतो की या पोरामुळे तू लोकांना हवीहवीशी वाटलीस. बंद खोलीतल्या रागाला ११ गुण, त्याच रागाला मंचामागे दटावणी. राग तोच, मुलगी तीच. राग कुणासमोर आणि कुणाच्या परवानगीने, एवढाच फरक.

खुनांचा हिशेब

नायिकेने किती आणि कसे मारले, याची वेगळी यादी करा. हा टप्पा सगळ्यात कमी वेळात सगळ्यात जास्त देतो.

‘द हंगर गेम्स’ मालिकेच्या या पहिल्या भागात कॅटनिसच्या हातून तीन प्रतिस्पर्धी मरतात. ट्रॅकर जॅकर माश्यांचं पोळं ती फांदी कापून खाली पाडते, त्यात ग्लिमर मरते. मार्वलला बाण लागतो, तो कॅटनिसची लहानगी साथीदार रू हिला भाला मारतो त्याच घटकेला. आणि अखेरीस केटो, ज्याला जनावरं फाडत असताना ती बाण मारून सोडवते. आता प्रत्येकासमोर ‘परवाना’ लिहा : बचाव, लहानगीचा सूड, दया. थंड डोक्याने, फक्त जिंकण्यासाठी, एकही नाही. खेळाचा नियमच मारण्याचा, तरी नायिकेची प्रत्येक हत्या मायेच्या किंवा नाइलाजाच्या पांघरुणाखाली. ही मागणी कॅपिटॉलची नाही. कॅपिटॉलला रक्तच हवं आहे. ‘मार, पण तुझा हात स्वच्छ राहू दे’ हे सिनेमा मागतो आणि आपण मागतो. वहीत तिसरा आणि चौथा मागणारा.

‘फ्युरी रोड’ची नायिका फ्युरिओसाचा (चार्लीझ थेरॉन) हिशेबही असाच लावा. तिथे यादी लांब होईल, पण परवाना एकच निघेल : इमॉर्टन जोच्या कैदेतून पळवून आणलेल्या पाच जणींना वाचवणं. मग स्वतःला विचारा, तिच्या ट्रकमध्ये त्या पाच जणी नसत्या आणि ती नुसती स्वतःसाठी पळत असती, तर आपण किती वेळ तिच्या बाजूने राहिलो असतो? हा प्रश्न फिल्म क्लबमध्ये टाकून बघा. चर्चा अर्धा तास तरी चालते.

अदलाबदलीची चाचणी, आणि ती कुठे फसते

मागणी लिहिली की ती जवळच्या पुरुष पात्रावर लावून बघा. पीटालाही लाडकं व्हावं लागतं. तो केकवर नक्षी काढणारा, रंग लावून दगडात मिसळून जाणारा, जखमी होऊन गुहेत पडून राहणारा, म्हणजे सिनेमाने नायिकेच्या नेहमीच्या जागा त्याला दिल्यात. इथवर येऊन बरेच जण ‘भूमिका उलटवल्या’ म्हणतात आणि थांबतात. थांबू नका, किमतीचा रकाना भरा. पीटाच्या हळवेपणाची त्याला शिक्षा नाही. मुलाखतीत तो त्याचं भांडवल करतो आणि त्याला धोरणी मानलं जातं. कॅटनिसच्या कठोरपणाला मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी ‘जरा मऊ हो’ म्हणतं. गुहेत ती पीटाच्या गालाचं चुंबन घेते तेव्हा पॅराशूटमधून सूप येतं, सोबत हेमिचची चिठ्ठी : याला चुंबन म्हणतेस? मागणी, मागणारा, किंमत, सगळं एका कागदाच्या चिटोऱ्यावर. असा पुरावा मिळाला की लेखात तोच वापरा, बाकीचे दहा सोडा.

दुसऱ्या भागात, ‘कॅचिंग फायर’मध्ये (२०१३, फ्रान्सिस लॉरेन्स), पीटा मुलाखतीत ती गरोदर असल्याचं ठोकून देतो. तिला आधी काही न सांगता. लोक हळहळतात, खेळ थांबवा म्हणतात. तिचं शरीर पुन्हा एकदा जनमताचं हत्यार, आणि ते चालवणारा तिच्या बाजूचाच माणूस. दुसऱ्या मागणाऱ्याचा रकाना रिकामा राहत असेल तर हा प्रसंग पुन्हा बघा.

पुस्तकाला पुरावा करू नका

कादंबरी (२००८) कॅटनिसच्या तोंडून, वर्तमानकाळात सांगितली आहे. ती प्रेमाचं नाटक करतेय का, किती करतेय, हे वाचकाला तिच्या मनातून कळतं. सिनेमात हे निवेदन नाही. त्याऐवजी नियंत्रणकक्ष आहे, खेळाचा मुख्य संयोजक सेनेका क्रेन आणि स्नोची संभाषणं आहेत. परिणाम असा की गुहेतलं प्रेम खरं की खोटं हे सिनेमात धूसर राहतं आणि ज्यांनी पुस्तक वाचलं आहे ते नकळत पुस्तकातली खात्री सिनेमात ओततात. वहीत पुस्तकातली नोंद वेगळ्या रंगाने करा.

एक फरक मात्र आवर्जून टिपण्यासारखा. पुस्तकात खेळ संपल्यावर कॅटनिसला विजेत्यांच्या समारंभासाठी पिवळा, बालिश दिसेल असा झगा घातला जातो, आणि छातीला अस्तर. संयोजकांना तिच्यावर शस्त्रक्रियाच करायची होती, हेमिच भांडला म्हणून अस्तरावर भागलं. बाहुलीसारखी निरागसही दीस आणि भरलेलीही दीस. विषारी बेरी खाण्याची धमकी देऊन सत्तेला वाकवणारी मुलगी प्रेमात खुळी झालेली पोर वाटली पाहिजे, तरच ती वाचेल. त्यासाठी झगा हवा आहे.

कॅमेऱ्याचा रकाना भरताना

इथे ‘मेल गेझ’ (बाईकडे पुरुषी नजरेने बघणारा कॅमेरा) हा शब्द लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. लॉरा मल्व्हीच्या १९७५च्या निबंधातून आलेली ही कल्पना कामाची आहे, पण शिक्का म्हणून वापरली की बघणंच थांबतं. त्याऐवजी मोजा. निवडलेल्या प्रसंगात शॉट किती, त्यांतले तिच्या चेहऱ्याचे किती, चेहरा सोडून शरीराच्या भागांचे किती, तिच्या नजरेतून दिसणारे किती. तीन मिनिटांच्या प्रसंगाला अर्धा-पाऊण तास लागतो. ‘द हंगर गेम्स’मध्ये हलता कॅमेरा आणि भराभर कट असल्याने मोजणी चुकते, वेग निम्मा करून दोघांनी वेगवेगळं मोजा आणि आकडे जुळवा. दोन-तीन शॉटचा फरक राहिला तर सोडून द्या.

‘फ्युरी रोड’मधला पाच जणींचा पहिला प्रसंग सरावाला उत्तम. वाळवंटात, ट्रकशेजारी, पांढऱ्या तलम कापडातल्या तरुण मुली नळीच्या पाण्याने स्वतःला धुताहेत. त्याच वेळी एकीच्या कमरेचा लोखंडी पट्टा कातरून काढला जातोय. गोष्ट म्हणते, या कुणाच्या मालकीच्या वस्तू नाहीत. चित्र मात्र जाहिरातीच्या जवळ जातं. बचावाची बाजूही लिहा : बघणारा मॅक्स तहानलेला आहे, त्याला पाणी हवंय. दोन्ही नोंदी झाल्यावर शॉट मोजा आणि मगच मत बनवा. या सिनेमासाठी ईव्ह एन्सलर यांनी त्या नट्यांशी सल्लागार म्हणून काम केलं होतं आणि मार्गारेट सिक्सेल यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं, या गोष्टी खऱ्या असल्या तरी पडद्यामागे बायका होत्या म्हणून पडद्यावरचा हिशेब आपोआप चुकता होत नाही.

त्याच सिनेमात उलटा पुरावाही आहे. रात्री चिखलात, उरलेल्या गोळ्यांपैकी शेवटची. मॅक्सचे नेम चुकलेत. तो बंदूक फ्युरिओसाला देतो, ती त्याच्या खांद्यावर नळी टेकवते, श्वास रोखायला सांगते आणि गोळी मारते. संवाद जवळजवळ नाही. कुणी तिचं कौतुक करत नाही, कुणाचा अहंकार दुखावत नाही. मागणीच्या रकान्यात काय लिहायचं? काहीच नाही. रिकामे रकानेही जपून ठेवा; मागणी नसलेला प्रसंग कसा दिसतो ते त्यावरूनच दाखवता येतं.

दोन बायकांत वाटलेली एक : ‘मेट्रोपोलिस’

उलटसुलट मागण्या एकाच बाईत मावत नाहीत तेव्हा सिनेमा सोपी युक्ती करतो, बाईचे दोन तुकडे करतो. मारिया कामगारांना मालकाशी जोडणारा मध्यस्थ येईपर्यंत शांतपणे वाट पाहायला सांगते. तिच्या चेहऱ्याचं यंत्र क्लबात नाचून श्रीमंतांना वेडं करतं आणि कामगारांना यंत्रं फोडायला उठवतं. दोन्ही भूमिका ब्रिगिट हेल्मच्या, तेव्हा १९-२० वर्षांच्या. दोन उभे रकाने करा आणि तिच्या हातांच्या, डोळ्यांच्या हालचाली टिपा. मूकपट असल्याने अभिनयाचा सगळा भेद शरीरातच आहे. खरी मारिया मुलांना पुरातून वाचवते, खोटी चितेवर जाते. आणि ज्या मध्यस्थाची मारिया वाट बघते तो निघतो मालकाचा मुलगा. चांगल्या बाईचंही काम शेवटी मार्ग दाखवून बाजूला होण्याचं, ही ओळ बहुतेक विश्लेषणांतून निसटते कारण सगळ्यांचं लक्ष नाचाकडे असतं.

(जाता जाता : याची पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बौ यांनी लांगशी घटस्फोट झाल्यावर लग्न केलं ते बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या पत्रकाराशी.)

ही फाळणी नंतरच्या सिनेमांत शोधायची सवय लावून घ्या. एकाच बाईचे दोन तुकडे नसतील तर शेजारी दुसरी बाई असते. ‘कॅचिंग फायर’मध्ये लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत कपडे उतरवणारी दुसरी स्पर्धक जोहाना मेसन असते, म्हणून कॅटनिसचं अवघडणं शालीन दिसतं.

नेहमीच्या चुका

बेक्डेल चाचणी लावून निकाल देणं. दोन बायका पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का, एवढंच ती विचारते. आपल्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही. चाचणीत पास झालेल्या सिनेमातही नायिकेची कोंडी जशीच्या तशी असू शकते.

नटी आणि पात्र यांची सरमिसळ. २०१२मध्ये काही अमेरिकी समीक्षकांनी जेनिफर लॉरेन्सच्या अंगकाठीवर बोट ठेवलं, उपाशी मुलीसाठी ती फारच भरलेली म्हणून. तिच्याबरोबरच्या नटांचं वजन कुणी केलं नाही. हे चौथ्या मागणाऱ्याच्या रकान्यात जातं, सिनेमाच्या दोषांत नाही. रूच्या भूमिकेत कृष्णवर्णीय अमांडला स्टेनबर्ग दिसल्यावर ट्विटरवर जो गदारोळ झाला तोही तिथेच. निरागस म्हणून रडावं अशी मुलगी कोणत्या रंगाची असावी, ही मागणी प्रेक्षकांनी केली होती.

सत्ता बदलली की मागणी संपली असं धरून चालणं. ‘मॉकिंगजे’च्या पहिल्या भागात (२०१४) बंडखोरांची नेता कॉइन (ज्युलिअन मूर) बाई आहे. तरी कॅटनिसला स्टुडिओत उभं करून, मेकअप करून, आवेशात घोषणा द्यायला लावलं जातं आणि चित्रफीत हास्यास्पद होते. मग हेमिच विचारतो, हिने तुम्हाला खरंच हलवलं असे प्रसंग कोणते? उत्तरांत निवड झालेल्या धाकट्या बहिणीऐवजी, प्रिमऐवजी, स्वतः पुढे होणं येतं, रूसाठी गाणं येतं. मेकअप पुसायचं ठरतं. ‘नटवी हो’ जाऊन ‘नैसर्गिक हो, पण कॅमेऱ्यासमोर’ आलं. मागणारे बदलले, तिचं काम तेच राहिलं.

आणि आपल्याकडचे सिनेमे याच साच्यात कोंबणं. मनीष झा यांचा ‘मातृभूमी’ (२००३) मुली मारून बाई उरलीच नाही अशा गावात घडतो. कल्कीचं लग्न पाच भावांशी लावलं जातं. तिथे लाडकं होण्याचा, प्रतिमेचा प्रश्नच येत नाही. मागण्या घरातल्या, रोजच्या, आणि नकाराची किंमत गोठ्यात डांबलं जाणं. पॅनेमचे रकाने तिथे जसेच्या तसे लावले तर निम्मे रिकामे राहतील. मागणाऱ्यांत कुटुंब, जात आणि गाव वेगवेगळे करा, मग वही भरते.

लिहायला बसताना

वहीत चाळीस-पन्नास ओळी झाल्या असतील. १२०० शब्दांच्या लेखाला तीन जोड्या पुरतात. पहिली अशी घ्या की जिच्यात मागणारी गोष्टीतली सत्ता आहे, दुसरीत तिचीच माणसं, तिसरीत सिनेमा स्वतः. याच क्रमाने लिहा, कारण वाचक पहिलीला लगेच मान डोलावतो, दुसरीला थबकतो आणि तिसरीला वाद घालतो. प्रत्येक जोडीला एकच प्रसंग, पण तपशिलात. ‘पुरुषप्रधान व्यवस्था’ हा शब्द लेखात जिथे जिथे आला असेल तिथे मागणाऱ्याचं नाव घालून वाक्य पुन्हा लिहा. जिथे नाव सापडत नाही ते वाक्य काढून टाका.

शेवटाबद्दल लिहायचं असेल तर ते सगळ्यांत अखेरीस आणि जपून. पहिल्या भागाच्या सुरुवातीला कॅटनिस आपल्या गावच्या मित्राला, गेलला, सांगते, मला मुलं नकोत. ‘मॉकिंगजे’च्या दुसऱ्या भागाच्या (२०१५) शेवटी ती कुरणात बसली आहे, मांडीवर बाळ, पलीकडे पीटा मोठ्या मुलाशी खेळतोय. ‘शेवटी घरी बसवलीच’ असं लिहिण्याआधी तोच प्रसंग आवाज बंद करून आणि मग नुसता ऐकून घ्या. उन्हात न्हालेल्या चित्राखाली ती बाळाला आपल्या दुःस्वप्नांबद्दल सांगते आहे. पहिल्या भागातलं तिचं वाक्य आणि हा प्रसंग समोरासमोर ठेवून मागणाऱ्याचा रकाना भरा. तुम्हाला कोण सापडतं ते लिहा, आणि पहिल्यांदा बघितल्यावर लिहिलेल्या त्या पाच ओळी काढून ताडून पाहा.